बंगलेवाडीची सावड

आसनगाव स्टेशनापलीकडे, रुळांपासून हाकेच्या अंतरावर, सन पस्तीस-छत्तीसच्या सुमारास माळावर बारा बंगले उठले. कागदोपत्री नाव ‘सुखनिवास कॉलनी’. गावानं पहिल्याच आठवड्यात तिचं परस्पर बारसं उरकलं आणि नाव ठेवलं बंगलेवाडी. कॉलनीनं फाटकावर हिरव्या रंगात पाटी लावली, पण पाटी वाचणारे गावात होते तीन. बाकीच्यांना बंगलेवाडीच पटली.

सकाळी पावणेसातला बारा फाटकं एकापाठोपाठ वाजायची. कोट, टोपी, हातात डबा, खिशात पास, अशी पुरुषमंडळी स्टेशनाकडे निघायची ती संध्याकाळी सव्वासातच्या गाडीनं परत. मुंबईच्या दोन खोल्यांत जन्म घालवलेली ही माणसं. इथं दूध निर्भेळ, हवा मोकळी, पोरांना खेळायला अख्खा माळ. मग रोज जाऊन-येऊन पाच तास गाडीत गेले तरी कुणाची तक्रार नव्हती. तक्रार असलीच तर ती गाडीत, पत्ते पिसता पिसता सांगून व्हायची.

मागं राहायच्या बायका आणि मुलं. मुलांना झोके, बायकांना मंडळ. दर बुधवारी तीन वाजता पाळीपाळीनं एकेका घरी मंडळ भरायचं. चिवडा, चहा आणि दोन-चार ठराव. ठरावांची भारी हौस. कॉलनीत जातीपातीचं बोलायचं नाही असाही एक ठराव झाला होता. ठराव करावा लागला म्हणजे मनात होतंच की! आणखी एक न लिहिलेला ठराव होता. दूधवाली, भाजीवाली, मोळीवाला, म्हणजे गावातलं जे कोणी येईल त्यानं मागच्या दारानं यायचं. तो केला होता गोदूताईंनी. पहिल्या बंगल्यातल्या त्या, वयानं मोठ्या, आवाजानं त्याहून मोठ्या, यजमान वकिलांच्या कचेरीत हेडक्लार्क. माणूस वाईट नव्हतं, पण शिस्त म्हणजे शिस्त.

नवव्या बंगल्यात राहायची आपली सरस्वती.

नवरा अनंता, मुंबईच्या एका बांधकाम कंपनीत ओव्हरसीयर. मूळचा वैशाखरे नावाच्या खेड्यातला, दिव्याखाली अभ्यास करून वर आलेला. सरस्वती धसईची, रघू शेतकऱ्याची पोर. मुरबाडला मामाकडे राहून सातवी झाली, बोलणं साफ झालं, लग्नानंतर तर इतकं साफ झालं की बंगलेवाडीत कुणाला शंकाही आली नाही. ती खोटं कधी बोलली नाही हो. कुणी माहेरचं विचारलं की म्हणायची, “वडिलांचं धसईला भाताचं आहे.” ऐकणाऱ्याला पेढी दिसायची, गोदाम दिसायचं. सरस्वती ते दिसू द्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची!

पण झाकल्या मुठीत एक काटा होता. गेल्या शिमग्याला रघू लेकीचं नवं घर बघायला आला होता. धसईहून बैलगाडी जुंपून, शेणव्याला रात्र काढून, नव्या तांदळाचं पोतं घेऊन. धोतर गुडघ्यापर्यंत, पाय धुळीनं भरलेले. तो फाटक उघडून आत आला तेव्हा व्हरांड्यात गोदूताई बसल्या होत्या. त्या अगदी सहज म्हणाल्या, “भातवाले, मागच्या दारानं या.” रघूनं लेकीकडे बघितलं. सरस्वतीच्या तोंडातून शब्द फुटला नाही. एवढंच घडलं. म्हातारा पोतं पाठीवर घेऊन बंगल्याला वळसा घालून गेला, मागच्या पायरीवर पाणी प्याला, नातवंडांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडी वळवून निघून गेला. त्यानंतर तो आला नव्हता. सरस्वतीला जेवताना तो तांदूळ दिसला की घास गिळवत नसे.

आता सावडीची गोष्ट.

श्रावणात अनंतानं सत्यनारायण घातला. बारा बंगले आणि मुंबईचे साहेबलोक मिळून सत्तर पान. स्वयंपाकाला चार आचारी मुंबईहून सकाळच्या गाडीनं यायचे होते. आता आचारी ते, त्यांना गाडीतलं काय कळणार? ऐटबाज गाडी बघून ते मेलमध्ये चढले आणि मेल आसनगावला थांबत नाही. प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या अनंताच्या डोळ्यांदेखत चौघंही खिडकीतून हात हलवत कसाऱ्याकडे गेले.

नऊ वाजलेले. पाटावर चिरायला तीस सेर भाजी आणि घरात सरस्वती एकटी. ती मागच्या पायरीवर मटकन बसली. तेवढ्यात दूध घेऊन सुंदरा आली. रुळाला लागूनच सुंदरा आणि तिचा नवरा महादू यांचं शेत होतं. सुंदरानं भाजीकडे बघितलं, सरस्वतीकडे बघितलं, दुधाची कासंडी खाली ठेवली आणि परत पळाली. अर्ध्या तासात सहा जणींना घेऊन हजर! कुणी पाणी भरलं, कुणी वाटण घातलं, कुणी पत्रावळी लावल्या. चूल सरस्वतीनं स्वतः धरली. बाराला पहिली पंगत बसली आणि गोदूताईंनी दोनदा शिरा मागून घेतला. आचारी मुंबईचे दिसतात हं, म्हणाल्या. सरस्वती नुसती हसली. सात जणी मागच्या अंगणात होत्या, पुढं कुणाला त्यांचा पत्ताच नाही.

संध्याकाळी सरस्वती पैसे द्यायला गेली तर सुंदरानं हात मागं घेतले. कमरेच्या गाठीतला गुळाचा खडा काढला, अर्धा आपल्या तोंडात टाकला, अर्धा सरस्वतीच्या हातावर ठेवला.

“पैका नको, वैनी. सावड धरलीय.”

दुसरी कुठली बंगलेवाली असती तर ‘किती प्रेमळ गं ही माणसं’ म्हणून गूळ खाऊन मोकळी झाली असती. सरस्वतीला त्याचा अर्थ आईच्या दुधाबरोबर पाजलेला होता. आज तू माझ्याकडे राबलीस, उद्या मी तुझ्याकडे राबेन. सात जणी एक दिवस आल्या, तर सात दिवसांचं राबणं अंगावर आलं. तिथं पैसा चालत नाही आणि बदली मजूर पाठवणं म्हणजे तोंडावर मारणं. रघू म्हणायचा, सावड मोडणाऱ्याला मयतालाही चार खांदे मिळायचे नाहीत. हे सगळं आठवत तिनं गूळ खाल्ला. न खाऊन सांगते कुणाला!

दसरा झाला, दिवाळी झाली. कार्तिकात सुंदरा दूध घालून गेली नाही, पायरीवर बसून राहिली. महादू बैलगाडीवरून पडला होता, पायाला बांबूच्या कामट्या बांधून घरात. भात पिकून लोळायला आलं होतं, दाणा गळत होता आणि दोन दिवस आभाळ भरून येत होतं. गावातला जो तो आपापल्या शेतात अडकलेला. एवढं सांगून तिनं विचारलं, “सावड फेडायला कवा येतंस, वैनी?”

सरस्वतीच्या डोळ्यांपुढं ती वाट आली. सुंदराचं शेत म्हणजे बंगलेवाडीतून स्टेशनाला जायच्या वाटेवरचं. तिथं विळा घेऊन उभं राहायचं म्हणजे कपाळावर पाटी लावून उभं राहायचं. न जावं तर सुंदराचं वर्षाचं भात मातीत. इकडे आड तिकडे विहीर! अनंताला विचारलं तर तो म्हणाला, मी रविवारी येतो. वा रे ओव्हरसीयर! रविवारी सगळी कॉलनी व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसलेली असते.

शेवटी तिनं आपल्या डोक्यानं तोडगा काढला. सात जणी एक दिवस नाही, तर एकटी सात दिवस. पुरुष गाडीनं गेले की निघायचं, मुलगा शाळेतून यायच्या आत परत. सोमवारी तिनं पेटीच्या तळचं जुनं लुगडं काढलं, कासोटा घातला, पदर कपाळापर्यंत ओढला आणि आपल्याच बंगल्याच्या मागच्या दारानं चोरासारखी बाहेर पडली. दार ओढून घेताना तिला बापाची आठवण आली.

आणि शेतात पाय ठेवल्यावर काय झालं सांगू? दहा वर्षं झोपलेला हात जागा झाला. विळा मुठीत बसला, कंबर वाकली, सर्र सर्र आवाज सुरू झाला तो थांबेना. सुंदरा बघतच राहिली. सोमवार गेला, मंगळवार गेला. वाटेनं दोन बंगल्यांच्या बायका छत्र्या घेऊन गेल्या, त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. शेतात वाकलेल्या बाईकडे बंगलेवाडी कधी बघतच नसे. सरस्वतीला याचं आधी हसू आलं आणि मग जरा रागच आला.

बुधवारी पाच वर्षांची मुलगी हट्ट करून दुपारची भाकरी घेऊन शेतावर आली. बांधावर एक जुनी आवळी होती. तिच्याखाली सुंदरा, सरस्वती आणि ती अशा तिघी मिळून जेवल्या, सुकट-भाकरी आणि कांदा. मुलगी खुशीत घरी पळाली. सरस्वतीनं पुन्हा विळा धरला. आभाळ खाली उतरत चाललं होतं, आज निम्मं शेत तरी आडवं व्हायलाच हवं होतं, अशा घाईत ती एक साधी गोष्ट पार विसरली. बुधवार, तीन वाजता, मंडळ. आणि पाळी नवव्या बंगल्याची.

तिकडे दहा बायका गोदूताईंच्या मागून नवव्या बंगल्यात आल्या तर दाराला कडी. पायरीवर मुलगी खेळत होती. आई कुठंय? तर म्हणाली, “आम्ही आवळीखाली जेवलो! आई तिथंच आहे. खूप मज्जा!”

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. गेले तीन बुधवार मंडळात एकच विषय चालू होता, कार्तिकातलं आवळीभोजन कुठं करायचं. आवळी हवी, सावली हवी, वाट बरी हवी. जागा ठरत नव्हती. आणि इथं सरस्वतीबाईंनी परस्पर आवळी शोधून भोजन उरकलंसुद्धा! शेतकऱ्याची लेक असणं हा बंगलेवाडीत गुन्हा होता की नाही देव जाणे, पण बोलावणं न करणं हा मात्र फाशीचा गुन्हा होता. गोदूताईंनी छत्री उघडली आणि मोर्चा शेताकडे निघाला.

सरस्वतीनं मान वर केली तेव्हा अकरा छत्र्या बांधावर उभ्या होत्या. पळायला जागा नव्हती. पदर कधीच खांद्यावर आला होता आणि कपाळावर घामाला चिकटलेला भाताचा तूस.

गोदूताई चांगल्याच रागावल्या होत्या. तीन बुधवार आम्ही डोकं शिणवतोय, आणि तुम्ही एकट्यानंच वनभोजन करता? वर हा शेतकरणीचा पोशाख काय, विळे काय! आम्हालाही आवडलं असतं की. एवढ्या का आम्ही परक्या?

सरस्वतीच्या लक्षात आलं. यांना वाटतंय ही हौस आहे! नुसतं हसून म्हटलं की झालं, ‘अहो, तुम्हालाच बोलवायची तयारी चालली होती’, मूठ झाकलेली ती झाकलेलीच. वाक्य जिभेवर आलंसुद्धा. तेवढ्यात सुंदरानं तिच्याकडे बघितलं. काही मागणं नाही, राग नाही, नुसतं बघणं. शिमग्याला फाटकात उभ्या राहिलेल्या बापानं असंच बघितलं होतं.

“गोदूताई,” ती म्हणाली, “हे वनभोजन नाही. श्रावणात तुम्ही जेवलात, ते या सुंदराच्या आणि तिनं आणलेल्या सहा जणींच्या जिवावर. ती सावड मी फेडायला आलेय. सावड म्हणजे आज तू माझ्याकडे राबलीस, उद्या मी तुझ्याकडे. मी शेतकऱ्याची मुलगी आहे. हे मला करता येतं आणि आवडतं.”

सरस्वतीला वाटलं, झालं, संपलं सगळं. गोदूताई विचारात पडल्या होत्या. मग हळूच त्यांनी विचारलं, “शिमग्याला पोतं घेऊन आले होते, ते कोण?”

“माझे वडील.”

गोदूताईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी छत्री मिटली, शेजारणीच्या हातात दिली, पदर खोचला, चपला बांधावर काढल्या आणि शेतात उतरल्या.

“कुठून कापायचं ते दाखव गं मला,” त्या सुंदराला म्हणाल्या.

मग काय, पुढारीणच उतरली म्हटल्यावर मंडळ मागं राहतंय होय? विळे होते सहा. उरलेल्या बायका भारे बांधू लागल्या, मुठी उचलू लागल्या. काम म्हणाल तर आनंदच होता. एकीनं बांधलेला भारा चार पावलांवर सुटायचा, एक जण बेडूक दिसला म्हणून बांधावर जाऊन बसली ती उतरेचना. गोदूताईंनी कणसं वर ठेवायची ती खाली धरून कापली आणि सुंदरानं त्यांना शिस्तीत धडा दिला. “असं नाय बाय, असं. मूठ घट धर, इळा आपल्याकडं ओढ.” गोदूताईंनी मुकाट्यानं ऐकलं. बंगलेवाडीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं. पण आभाळाखाली वीस हात चालायला लागले की वेड्यावाकड्या हातांनीही शेत मोकळं होतं.

सव्वासातची गाडी त्या दिवशी वेळेवर आली. डबे हलवत पुरुष वाटेला लागले, तर बंगल्यांत दिवे नाहीत, चुली पेटलेल्या नाहीत आणि शेतात कंदिलाच्या उजेडात आपापल्या बायका डोक्यात पेंढा घेऊन उभ्या. हेडक्लार्कांनी चष्मा पुसून दोनदा खात्री केली. गोदूताईंनी त्यांना विचारायला वेळच दिला नाही. शेवटचे भारे खळ्यावर न्यायचे होते. कोट काढा म्हणाल्या. अनंतानं पहिला भारा डोक्यावर घेतला आणि असा झपाझप चालायला लागला की बाकीच्यांना त्याचं वैशाखरं तिथल्या तिथं कळलं. सगळं भात खळ्यावर गेलं, वर ताडपत्री पडली. आणि पाऊस? आलाच नाही मेला! ढग आले तसे माहुलीच्या डोंगरावरून निघून गेले. पण त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही, कारण महादू लंगडत दारापर्यंत आला होता आणि भरलेलं खळं बघून रडत होता.

दुसऱ्या दिवशी सुंदरा दूध घेऊन आली ती बोटं मोजतच. सोमवार-मंगळवारची सरस्वती दोन, बुधवारी ती धरून बारा, झाले चौदा. सात वजा जाता सात उरतात. ती गंभीरपणे म्हणाली, आता माझ्याच अंगावर सात बसले. बरं, गोदूताईंच्या मुलाची मुंज माघात. सात जणी घेऊन सुंदरा तिथं जाणार. मग गोदूताईंवर चढणार, मग लावणीला मंडळ येणार. सावडीचा हा गुणच आहे, ती फिटता फिटत नाही. मंडळानं त्यावर ठराव केला नाही, हे विशेष.

सरस्वतीनं त्याच दिवशी धसईला कार्ड टाकलं. तीन ओळींचं, पण लिहायला तिला सकाळ गेली. ‘बा, माझं चुकलं. सगळ्यांना सांगितलंय तुम्ही कोण. लवकर या.’

मार्गशीर्षातल्या एका बुधवारी मंडळ नवव्या बंगल्यातच भरलं होतं. व्हरांड्यात बारा बायका, चिवड्याचं ताट आणि खाली पायरीवर नव्हे, वर वेताच्या खुर्चीत अवघडून बसलेली सुंदरा. फाटकाशी बैलगाडी थांबली. रघू उतरला. धोतर तसंच, धूळ तशीच. पोतं पाठीवर घेतलं, व्हरांड्याकडे एकदा बघून रामराम केला आणि सवयीनं बंगल्याच्या कडेनं मागच्या वाटेला वळला.

सरस्वती अनवाणी धावली. तिच्या आधी गोदूताई पायऱ्या उतरल्या होत्या. त्या म्हाताऱ्याच्या वाटेत उभ्या राहिल्या, काहीतरी मोठं बोलायचं ठरवून आल्या होत्या.

“मागच्या दाराला कुलूप घातलंय मी,” एवढंच म्हणाल्या.

रघूनं लेकीकडे बघितलं. सरस्वतीचे डोळे वाहत होते आणि ती हसतही होती. तिनं बापाचा हात धरला, “बा, इकडनं,” म्हणाली आणि सगळ्यांच्या देखत त्याला पुढच्या पायऱ्यांनी वर नेलं. व्हरांड्यातल्या साऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. रघूनं पोतं उतरवलं, झोपाळ्यावर टेकला, पाण्याचा तांब्या घटाघटा रिकामा केला आणि मागं वळून फाटकापर्यंतची वाट जरा वेळ बघत राहिला.

“इकडनं जवळ पडतं की गो, सरू,” तो म्हणाला.